रिटॅलिक मास्तरांचा कित्ता

“वर हलका! खाली दाब! वर हलका! खाली दाब!”

बेचाळीस मुले एका सुरात ओरडत होती आणि बेचाळीस टाक एकदम वर चढत होते, एकदम खाली उतरत होते. बाहेर टॅम्सिन खाणीचे पंपाचे इंजिन धापा टाकत होते. मुलांचा ठेका हळूहळू त्याच्या ठेक्याला जाऊन मिळे, तसा तो रोजच मिळे. इथे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, आणि उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता. खिडक्या लावल्या तर जीव गुदमरे, उघडल्या तर खाणीच्या ढिगाऱ्यांवरची धूळ येऊन ओल्या अक्षरांवर बसे. टाक दौतीतून कागदाशी येईतोच शाई वाळत होती. केझिया रिटॅलिक पाण्याचा गडू घेऊन बाकांमधून फिरत होती, दौतीदौतीत दोन-दोन थेंब टाकत होती. पण तिचे डोळे दौतींवर नव्हते. वडिलांच्या उजव्या हातावर होते.

तो हात कोटाच्या खिशात होता. इतक्या उकाड्यात कोट घालणारा टॅम्सिन गावात दुसरा माणूस नव्हता. ईनॉक रिटॅलिक मास्तर शिस्तीचे म्हणून घालतात, असे गावाला वाटे. खरे कारण खिशात होते. दोन वर्षांपासून तो हात कापत होता. आधी नुसता टाक धरला की कापे. मग चमचा धरला की. आता काही धरले नाही तरी. खाणीच्या डॉक्टरने सांगितले होते, “लिहून लिहून झिजलाय, मास्तर. ह्याला औषध नाही. डावा बघा कसा ठणठणीत आहे!” त्या विनोदाला मास्तर हसले नव्हते.

हे डॉक्टरला ठाऊक होते, मास्तरांना आणि केझियाला. चौथ्या कोणाला नाही. आणि उद्या तपासणीला लॉक साहेब येणार होते.

दुसऱ्या बाकावर सात वर्षांची एसी किट्टो बसली होती. लेखनाच्या तासाला तिचा डावा हात पांढऱ्या फितीने बाकाच्या पाठीला बांधलेला असे. वर्गात डावखुरे मूल आले की हे व्हायचेच. मास्तर तीस वर्षे ते करत आले होते आणि कोणाच्या आईबापांची तक्रार नव्हती. उलट चॅपलमध्ये बायका म्हणत, न्यायाच्या दिवशी देव पुण्यवानांना मेंढ्यांसारखे उजवीकडे आणि पाप्यांना शेरडांसारखे डावीकडे उभे करणार आहे, तेव्हा पोरीने आत्ताच बाजू बदललेली बरी. फीत बांधायचे काम केझियाचे होते. ती गाठ सैल मारी. तेवढेच तिला करता येई.

आज पाण्याच्या धांदलीत फीत राहून गेली होती. ध्यानात येताच ती गडू ठेवून एसीपाशी वाकली.

“राहू दे,” मागून मास्तर म्हणाले.

“काय?”

“फीत. आज राहू दे.”

केझिया तशीच वाकलेली राहिली. एसीने मास्तरांकडे पाहिले, केझियाकडे पाहिले, आणि कोणी सांगितले नसताना आपला डावा हात आपल्याच मांडीखाली दाबून बसली. मास्तर ते पाहत उभे राहिले. मग पुढच्या बाकाकडे गेले.

“वर हलका,” ते म्हणाले.

केझिया गडूकडे परत वळली. तीस वर्षांत जे कधी घडले नाही, ते नेमके आज का? हाताबरोबर आता डोकेही चालले की काय?

*

तपासणीच्या दिवसाची एक रीत होती आणि ती मास्तरांनीच पाडली होती. साहेब खुर्चीवर बसले, की मास्तर फळ्यापाशी जात. एक श्वास घेत आणि तो सोडायच्या आत एक अख्खी ओळ फळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहून काढत. वर जाणारी रेघ केसासारखी, खाली येणारी दोरीसारखी. मुले ती ओळ वह्यांत उतरवीत आणि मगच बाकीची तपासणी सुरू होई. लॉक साहेबांचे स्वतःचे अक्षर चांगले होते. या द्वीपकल्पातल्या सगळ्या शाळा पालथ्या घालून आपण फक्त इथे लेखन पाहायला येतो, असे ते म्हणत.

इतर शाळांतून आता छापील कित्त्यांच्या वह्या आल्या होत्या. पानाच्या माथ्यावर छापलेली ओळ, खाली मुलांनी ती दहा वेळा गिरवायची. टॅम्सिनच्या शाळेत मात्र अजून दर पानावरची पहिली ओळ मास्तरांच्या हातची असे. मास्तर म्हणत, “छापलेल्या अक्षराला मनगट नसतं. पोरांनी काय बघून शिकायचं?” ते तरुणपणी कॉर्नवॉलहून जहाजाने या दक्षिणेकडच्या वसाहतीत आले तेव्हा इथले खाणकरी करारावर फुली मारत. आज गावात फुली मारणारा एकही माणूस उरला नव्हता. दारू पिऊन तर्र झालेला कामगारसुद्धा सही करायला बसला की पाठ ताठ करी.

गेल्या वर्षी केझियाने त्या हाताला पट्टी गुंडाळली होती आणि चहाच्या किटलीने भाजले म्हणून साहेबांना सांगितले होते. निभावले. पण दरवर्षी माणूस भाजत नाही.

शाळा सुटल्यावर ती घरी आली, तर शेजारच्या अँगविनबाई कुंपणावर कोपरे टेकून उभ्याच होत्या. हातात केशराचा पाव, फडक्यात गुंडाळलेला.

“घे. तुमच्या साहेबाला उद्या चहाबरोबर दे. तोंड गोड झालं की माणूस कमी खोड्या काढतो.”

“कशाला त्रास घेतलात, काकू.”

“त्रास कसला. गेल्या वर्षी त्याने माझ्या जॉनला उभं करून डोंगरांची नावं विचारली. इथं डोंगर आहे का एक तरी? ढिगारे आहेत, ते विचार म्हणावं.” मग त्यांनी केझियाचा चेहरा नीट पाहिला. “बाई गं, तोंड का असं? तुझे बाबा काय पहिल्यांदा देतायत परीक्षा?”

“तसं नाही.”

“तसंच आहे. अगं, त्या माणसाचं अक्षर बघून देवदूत आपल्या वह्या लपवत असतील. जा, चहा टाक.”

केझिया हसली. पाव घेऊन आत गेली.

*

स्वयंपाकघराच्या टेबलावर वह्यांची चळत होती. मास्तर रोज ती तिथे ठेवत. “वह्या ठेवल्यात,” एवढेच म्हणत आणि मागे कोबीला पाणी घालायला निघून जात. सकाळी शाळेत जाताना उचलत, तेव्हा प्रत्येक वहीच्या कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिलेली असे. दोन वर्षांत त्याबद्दल बापलेकीत एक शब्द झाला नव्हता. चळत ठेवायची, चळत उचलायची.

पहिल्या संध्याकाळी केझियाने उजव्या हाताने लिहून पाहिले होते. तिचे उजवे अक्षर स्वच्छ होते, सरळ होते. पण ते घाबरलेल्या मुलीचे अक्षर होते. मास्तरांच्या ओळीखाली ठेवले तर आंधळ्यालाही फरक कळला असता. तीन कागद फाडल्यावर रागारागाने तिने टाक डाव्या हातात घेतला होता. आणि अक्षरे आपोआप कलली, जशी मास्तरांची कलत तशीच. टाकाचे टोक त्या उताराच्या रेषेतच बसले.

वयाच्या सहाव्या वर्षापासून नवव्यापर्यंत तो हात फितीत होता. इतर मुलांचा फक्त लेखनाच्या तासाला बांधत. मास्तरांच्या मुलीचा घरीही बांधला जाई, कारण लोक काय म्हणतील. आई होती तोवर ती कणीक तिंबताना हळूच फीत सोडी आणि पिठाने माखलेला पोळपाट पुढे सरकवी. केझिया डाव्या बोटाने पिठात वडिलांची अक्षरे काढी. दारात पाऊल वाजले की आई पीठ सारखे करी. आई गेली, पीठ गेले, पण हात विसरला नव्हता.

आज शेवटच्या पाच वह्या उरल्या असताना मागचे दार वाजले. तिने झटकन टाक उजव्या हातात घेतला. मास्तर इतक्या लवकर कधी आत येत नसत.

ते टेबलाशी आले. डाव्या हाताने एक वही उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरी. मग तिसरी. केझिया ओळ पुरी करत असल्यासारखी टाक नुसता धरून बसली. टोकावरची शाई वाळून गेली.

“टीची आडवी रेघ,” मास्तर म्हणाले.

“काय झालं?”

“रेघेचं जाड टोक उजवीकडं आलंय. म्हणजे सुरुवात उजवीकडून झाली.”

“घाईत झालं असेल, बाबा.”

“सगळ्याच वह्यांत?”

ओट्यावर किटलीचे झाकण थडथडत होते. मास्तरांनी वही खाली ठेवली, कडा जुळवून, बाकीच्या वह्यांवर बरोबर बसेल अशी.

“सोपं पडतं का तसं?” त्यांनी विचारले.

“सवय झालीय.”

“हं.”

एवढेच. रागावले नाहीत, हसले नाहीत. ओळखले होते की नव्हते, काही कळायला मार्ग नव्हता. ते खुर्ची ओढून बसले. तिने त्यांच्यापुढे पेस्टी ठेवली, कणकेच्या पारीत मांस-बटाटे भरून भाजलेली. अलीकडे ती रोज पेस्टीच करी, कारण दोन्ही हातांनी धरून खाता येते आणि हात कापलेला दिसत नाही. सूप या घरातून केव्हाच गेले होते. पेस्टीच्या एका कोपऱ्यावर तिने कणकेची ई आणि आर ही अक्षरे डकवली होती. खाणीत नेताना कोणाची कोणती ते कळावे म्हणून सगळ्याच घरांत डकवतात. मास्तर दुसऱ्या टोकापासून खाऊ लागले.

“बाबा, उद्या मी साहेबांना सांगते, तुम्हाला ताप आहे म्हणून.”

“गेल्या वर्षी भाजलो. यंदा ताप. पुढच्या वर्षी मारूनच टाक.”

“असं काय बोलता!”

“मग? थापेला पण चढती भाजणी लागते.”

“मग फळ्यावर कोण लिहिणार?”

“मी.”

“बाबा, तुम्हाला साधं बटण—” ती थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “बेचाळीस पोरं असतील. साहेब असतील. खडू धरलात की सगळ्यांना दिसेल.”

“दिसू दे.”

“मला नाही बघवायचं.”

मास्तरांनी पेस्टी खाली ठेवली. हात टेबलाखाली नेला.

“केझी, माझी सोय मी केलीय.”

“कसली सोय?”

“उद्या कळेल.”

“मला आत्ता सांगा.”

“तुला आत्ता सांगितलं, तर तू रात्रभर जागशील.”

“नाही सांगितलं तरी जागीन.”

“मग दोन्हींत माझं न सांगणं स्वस्त.” ते उठले. पेस्टीचा अक्षरांचा कोपरा ताटात तसाच राहिला होता. “हा सकाळी खाईन,” ते म्हणाले. दारापाशी थांबले. काही बोलतील असे वाटले. “चांगल्या आहेत वह्या,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

*

गेले चार महिने मास्तर उजाडताच शाळेत जात. शाई कालवायला जातो म्हणत. केझिया सात वाजता फळा पुसायला पोचे. तपासणीच्या दिवशी ती पोचली तेव्हा मास्तर पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते, पाय पुढे पसरून, दम खायला बसावे तसे. शाईचा जग शेजारी सरळ उभा होता, एक थेंबही सांडलेला नव्हता. तिने हाक मारली. मग जवळ गेली. उजवा हात मांडीवर होता आणि कापत नव्हता. त्यावरूनच तिला कळले.

उन्हाळ्याच्या दिवसांत टॅम्सिनमध्ये माणसाला संध्याकाळच्या आत माती देतात. नऊपर्यंत मास्तरांना घरी आणले होते. दहापर्यंत खाणीवरचे अर्धे लोक येऊन दारात टोप्या काढून उभे राहून गेले. मुलांना कोणीतरी आपापल्या घरी पाठवले. केझिया सगळ्यांना हो म्हणत होती, बसा म्हणत होती. अँगविनबाई आणि त्यांची बहीण आतल्या खोलीत मास्तरांना आंघोळ घालत होत्या. थोड्या वेळाने अँगविनबाई एकट्याच बाहेर आल्या, बाह्या वर सारलेल्या.

“पोरी, जरा इकडं ये. एक विचारायचंय.”

“काय, काकू?”

“त्यांच्या बोटाला शाई आहे. लिंबू चोळलं, राख चोळली, जात नाही. मुरलेली आहे.”

“त्यांच्या बोटाला तीस वर्षं शाई आहे.”

“डाव्या हाताच्या गं,” अँगविनबाई म्हणाल्या. “मधल्या बोटाला, कडेला. जिथं टाक टेकतो ना, तिथंच. घट्टा पण आलाय बारीक.” त्यांनी अॅप्रनच्या खिशातून काहीतरी काढले. “आणि हे उजव्या मनगटाला होतं, बाहीच्या आत. कापून काढावं लागलं. गाठीवर दातांचे वळ आहेत बघ. आपलं आपणच बांधलेलं दिसतंय. खाली कातडीला हा एवढा चर पडलाय.”

पांढरी फीत होती. शाळेतली.

केझियाने ती मुठीत घेतली. अँगविनबाई आणखी काही विचारणार होत्या, पण तिचा चेहरा पाहून आत गेल्या.

ती मागच्या दाराने निघाली आणि शाळेत आली. रिकाम्या वर्गात इंजिनाचा आवाज मोठा वाटत होता. मास्तरांच्या मेजाची फळी तिने उचलली. हजेरीपटाखाली एक वही होती, मुलांच्या वह्यांसारखीच. प्रत्येक पानावर तारीख. पहिले पान जुलैचे. त्यावर अक्षरेच नव्हती, नुसत्या रेघा, वाकड्या, थरथरत्या, नवख्या मुलाच्या असतात तशा. चार पाने तसलीच. मग आकड्या. मग गोल. ऑगस्टच्या शेवटी पहिले अक्षर. एके ठिकाणी शाई सांडून ती कोपराने पुसली गेली होती. एसीच्या वहीत पुसली जाते तशी. सप्टेंबरात शब्द. एका पानाच्या कडेला त्यांनी स्वतःलाच बारीकसा शेरा दिला होता: पुन्हा.

ऑक्टोबरापासून सगळ्या पानांवर एकच ओळ होती. माणसाने आपले नाव आपल्या हाताने लिहावे. दहा वेळा, वीस वेळा. आजच्या तारखेच्या पानावर ती सात वेळा होती आणि सातवी सुंदर होती. मास्तरांच्या ऐन उमेदीतली नव्हे, पण फळ्यावर लिहिता येईल अशी.

वहीच्या पहिल्या पानाला आतून एक कागदाची पट्टी चिकटवली होती. मुलांच्या कुठल्या तरी जुन्या वहीतून कापलेली ती कित्त्याची ओळ होती. हीच ओळ. केझियाने ती ओळखली. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनेच ती लिहिली होती.

बाप लेकीचा कित्ता गिरवत होता.

तिने पुन्हा ऑक्टोबराचे पान काढले आणि टीच्या आडव्या रेघा पाहिल्या. पहिल्या काही डावीकडून उजवीकडे होत्या. खरडलेल्या, कागदात अडकलेल्या. मग एका दिवसापासून सगळ्या उजवीकडून डावीकडे. सोपे पडते का तसे, असे विचारले होते त्यांनी. त्यांना ठाऊक होते. डाव्या हाताला ती रेघ तशीच येते.

तर ही सोय होती. आज दहा वाजता, लॉक साहेबांसमोर, बेचाळीस मुलांसमोर, एसी किट्टोसमोर, ज्या माणसाने तीस वर्षे डावे हात बांधले तो डाव्या हातात खडू घेणार होता.

*

ती घरी आली तेव्हा बैठकीत लॉक साहेब उभे होते, टोपी काखेत. सकाळच्या घोडागाडीने येऊन ते आधी शाळेत गेले होते. तिथे कुलूप पाहून इकडे आले होते. मास्तरांनी आज न नेलेली वह्यांची चळत कोणीतरी स्वयंपाकघरातून बैठकीच्या टेबलावर आणून ठेवली होती. त्यांतली एक त्यांच्या हातात उघडी होती.

“मिस रिटॅलिक, काय बोलावं सुचत नाही.” ते खरेच गोंधळलेले दिसत होते. “हे सगळं काल लिहिलंय त्यांनी?”

“कालच्या वह्या आहेत,” ती म्हणाली.

“एकसष्टाव्या वर्षी असा हात! मी वीस वर्षं बघतोय त्यांचं लेखन. म्हातारपणी माणसाचं अक्षर सुकतं. ह्यांचं गेल्या दोन वर्षांत उलट तरुण झालं होतं. ही वही मी शहरात घेऊन जाऊ का? वरिष्ठांना दाखवतो. म्हणावं, छापील वह्या आणण्याआधी हे बघा.”

नाही म्हणायला केझियाने तोंड उघडले असते, तर सगळेच बाहेर आले असते. तिने मान हलवली. साहेबांना ती होकारार्थी वाटली.

बाहेर चाके वाजली. ट्रेवेना सुतार शवपेटी घेऊन आला होता. त्याने आणि गाडीवाल्याने ती आत आणून दोन खुर्च्यांवर ठेवली. मग ट्रेवेना परत गेला आणि पत्र्याची काळी रंगवलेली पाटी, पांढऱ्या रंगाची वाटी आणि बारीक कुंचला घेऊन आला. टॅम्सिनमध्ये माणूस गेला की पेटीवरची पाटी रिटॅलिक मास्तर लिहीत. खाणीत दबलेल्यांची, तापाने गेलेल्या पोरांची, ट्रेवेनाच्या स्वतःच्या बायकोची. दोन वर्षांपासून ते ट्रेवेनाला म्हणत, “ठेवून जा, थोड्या वेळाने ने.” आणि तो परत येईतो पाटी तयार असे.

“बाई, ही पाटी,” ट्रेवेना म्हणाला. “मी लिहिणार होतो. पण मी लिहिलं आणि ते घेऊन मास्तर वर गेले, तर मी तिथं पोचेन तेव्हा दारातच पट्टी घेऊन उभे असतील.” “त्यांच्या हाताखालचं तुमच्याशिवाय कोण आहे?”

“ठेवा इथं,” केझिया म्हणाली.

“ठेवून नाही चालायचं. पाचला निघायचंय. आत्ताच करा, मी ठोकून टाकतो.”

ती टेबलाशी बसली. पाटी पुढे ओढली. आतून अँगविनबाई आणि त्यांची बहीण दारात येऊन उभ्या राहिल्या. लॉक साहेब वही मिटता मिटता थांबले. अक्षराचे शौकीन होते, पाहायला जरा पुढेच सरकले. पलीकडे उघड्या दारातून मास्तरांचे पांढरे केस दिसत होते.

तिने कुंचला उजव्या हातात घेतला आणि रंगात बुडवला. नाव दोनच शब्दांचे होते. उजव्या हाताने लिहिले असते तर स्वच्छ आले असते, सरळ आले असते. कोणी नावे ठेवली नसती. लेकीने लिहिले, दुःखात लिहिले, जमेल तसे लिहिले, असे म्हणाले असते. वही शहरात गेली असती आणि मास्तरांचे नाव जसेच्या तसे राहिले असते. आणि त्यांच्या स्वतःच्या पेटीवर, सबंध गावात त्यांच्या एकट्याच्या पेटीवर, दुसऱ्याच कोणाचे तरी अक्षर गेले असते.

कुंचल्यावरून एक थेंब वाटीत पडला.

तिने कुंचला डाव्या हातात घेतला. उजवा हात पाठीमागे नेला.

ट्रेवेनाच्या हातातले खिळे वाजायचे थांबले. ई वर गेली केसासारखी आणि खाली आली दोरीसारखी. एका श्वासात पहिला शब्द झाला. लॉक साहेबांनी पाटीकडे पाहिले. मग हातातली वही उघडली. मग पुन्हा पाटीकडे. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, पण त्यांनी वही हळूच चळतीवर परत ठेवली, ते तिला ऐकू आले. त्यांनी टोपी काखेतून काढून दोन्ही हातांत धरली.

दुसरा शब्द तिने सावकाश लिहिला. आर, ई, टी. पुढची अक्षरे. शेवटी टीची आडवी रेघ तेवढी राहिली. तिने कुंचला उजव्या बाजूला टेकवला आणि डावीकडे ओढला. रेघ निमुळती होत काळ्या रंगात विरली.

“आई गं,” अँगविनबाई पुटपुटल्या. “हे तर त्यांचंच.”

केझियाने कुंचला वाटीत ठेवला. एकेकाळी फितीत बांधलेला तिचा डावा हात खिशातल्या फितीला लागला. तिने दारातून आत पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“दुखायचं, बाबा. फार दुखायचं.”